जुनी बेल्टवाली मशीनगन डिस्प्लेसाठी घ्यायचीय: व्हिकर्स, रशियन मॅक्सिम की ब्राउनिंग? सल्ला हवाय

वाळवाकाठ:
नमस्कार मंडळी. मी सध्या इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ असतो. पहिल्या महायुद्धातल्या भारतीय पलटणींच्या वस्तू जमवायचा नाद आहे, आतापर्यंत पदकं, टोपीचे बिल्ले, खांद्यावरची पितळी अक्षरं एवढंच जमलंय. आता एक मोठी वस्तू घ्यायची मनात आहे, बेल्ट-फेड मशीनगन (गोळ्या पट्ट्यातून आत जाणारी), अर्थात डीअॅक्टिव्हेटेड, म्हणजे झाडता येणार नाही अशी केलेली, आणि सर्टिफिकेटसकट. पणजोबा ११०व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजचा इराक) गेले आणि तुर्कांनी घातलेल्या कुतच्या वेढ्यात होते, त्यामुळे जे घेईन त्याचा त्या काळाशी संबंध असावा अशी फार इच्छा आहे.

डीलरकडे बघायला गेलो की व्हिकर्स, रशियन मॅक्सिम, ब्राउनिंग, जर्मन एमजी सगळं एका रांगेत असतं आणि प्रत्येकात परत दहा प्रकार. एकाचं जॅकेट (नळीभोवतीचं आवरण) पन्हाळीदार, एकाचं गुळगुळीत, एकाला झाकण मोठं, एकाला लहान. नेमकं काय बघून निवडायचं? जागा आहे, तळमजल्यावरची खोली आहे, घाई अजिबात नाही.

लोहारआळी:
आधी कुतचा मुद्दा सोडवून टाका म्हणजे अर्धं काम होईल. त्या वेळी मेसोपोटेमियात गेलेल्या आपल्या पलटणींकडे पलटणीमागे दोन मशीनगन असायच्या आणि त्या मुख्यतः मॅक्सिम. व्हिकर्स ब्रिटिश लष्कराने नोव्हेंबर १९१२ मध्ये स्वीकारली खरी, पण १९१४ ला युद्ध पेटलं तेव्हा ती पुरेशी नव्हतीच आणि जी होती ती आधी फ्रान्सच्या आघाडीवर गेली. म्हणजे पणजोबांच्या कानावर जो आवाज पडला तो बहुधा मॅक्सिमचा. हे आत्ताच सांगतोय कारण बरेच जण 'पहिलं महायुद्ध म्हणजे व्हिकर्स' असं धरून चालतात.

आता फरक. हायरम मॅक्सिमने १८८४ मध्ये लंडनला जी गन दाखवली तिची मूळ कल्पना ही की गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का वाया न घालवता त्याच्यावरच पुढची गोळी भरायची. नळी आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) थोडं अंतर एकत्र मागे येतात, मग टॉगल मोडतं आणि बोल्ट मोकळा होतो. टॉगल म्हणजे गुडघ्यासारखा सांधा, सरळ असला की भक्कम, वाकला की सुटला. मॅक्सिममध्ये हा सांधा खालच्या बाजूला मोडतो म्हणून त्याला जागा द्यायला रिसीव्हर, म्हणजे यंत्रणेची पेटी, खोल लागतो, बाजूने बघितलं तर पेटी उंच दिसते. व्हिकर्स कंपनीने मॅक्सिमचा धंदा १८९७ मध्ये विकत घेतला, नंतर त्यांच्या लोकांनी हाच सांधा उलटा करून वरच्या बाजूला मोडेल असा केला. लगेच पेटी उथळ झाली, धातूही चांगला वापरला, आणि जुन्या मॅक्सिमचं सत्तावीस किलोच्या आसपासचं वजन पाणी सोडून पंधरा किलोवर आलं. सगळे फरक एका बाजूला आणि हा एक एका बाजूला. पेटीची उंची ओळखायला शिका, लांबच्या फोटोवरून सुद्धा कळतं.

ब्राउनिंगमध्ये टॉगल नाहीच, तिथे वर-खाली सरकणारा लॉकिंग ब्लॉक आहे, सगळं घराणंच वेगळं. आणि एक सोपी खूण, व्हिकर्स आणि मॅक्सिममध्ये बेल्ट उजवीकडून आत जातो, ब्राउनिंगमध्ये साधारण डावीकडून.

टेक्सासकर_जोशी:
लोहारआळींनी छान सांगितलंय. मी ब्राउनिंगवाला आहे, ह्यूस्टनजवळ राहतो, तरी तुम्हाला ब्राउनिंग घ्या असं म्हणणार नाही कारण तुमच्या विषयाशी तिचं काही नातं नाही. पण बाकीचे वाचतील म्हणून लिहितो.

जॉन ब्राउनिंगने मे १९१७ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीत आपली पाण्याने थंड होणारी गन लष्कराला दाखवली, वीस हजार गोळ्या झाडल्या, मग अजून वीस हजार, आणि तरी लोकांना वाटलं की ही खास घडवलेली असेल म्हणून दुसरी गन काढली ती सलग ४८ मिनिटं चालली. तीच एम १९१७. ती घ्यायची तर रिसीव्हरच्या खालच्या पट्टीकडे बघायचं, मूळ गनांची ही बाजू कमजोर होती आणि तडे जायचे, म्हणून नंतर तिथे बाहेरून मजबुतीचा पट्टा बसवला. पट्टा दिसला तर दुरुस्त केलेली जुनी गन. १९३६ च्या सुमारास रॉक आयलंड आर्सेनलने सुधारणा करून एम १९१७ ए१ केली. कुठला भाग कधीचा आहे हे समजायला लागलं की मजा येते.

मग एम १९१९ ए४, पाणी काढून टाकलं आणि नळीवर भोकाभोकांचं जॅकेट आलं, गन साधारण १४ किलो आणि छोटा एम २ ट्रायपॉड. सॅगिनॉ स्टीअरिंग गिअरसारख्या मोटारीच्या पार्टच्या कारखान्याने या भरमसाट बनवल्या. ए६ म्हणजे त्यालाच खांद्याचा दांडा, बायपॉड (पुढचे दोन पाय) आणि हँडल लावून हलकी मशीनगन करायचा प्रयत्न, १९४३ चा. माझ्या मते दिसायला ए६ सगळ्यात बेढब आणि इतिहास म्हणून सगळ्यात बोलकी, कारण घाईत तडजोड कशी करतात ते तिच्यात स्पष्ट दिसतं.

अमेरिकेतल्या मराठी लोकांसाठी: चालती मशीनगन घ्यायची तर ती १९ मे १९८६ च्या आधी रजिस्टर झालेली असली पाहिजे, त्यानंतरची सामान्य नागरिकाला नाही. संख्या गोठलेली आहे त्यामुळे किंमत पाच आकडी डॉलरात आणि वर २०० डॉलर टॅक्स, फॉर्म, वाट बघणं. ब्राउनिंग आणि व्हिकर्समध्ये रजिस्टर होतो तो भाग म्हणजे उजवी साइड प्लेट, म्हणून पूर्ण गन कितीही सुंदर असली तरी आधी ती प्लेट आणि तिचा नंबर कागदाशी ताडून बघायचा. आपल्या राज्याचा कायदा वेगळा बघायचा, काही राज्यांत चालतच नाही.

सह्याद्री_८८:
मला विचाराल तर एमजी ४२ घ्या डोळे झाकून, तिच्यासारखी गनच झाली नाही.

लोहारआळी:
@सह्याद्री_८८ गन म्हणून मान्य. पण वाळवाकाठ यांचा विषय कुत आहे आणि एमजी ४२ तर पुढच्या महायुद्धातली. शिवाय नवख्या माणसाला एमजी ४२ मध्ये फसायला जागा जास्त आहे. युद्धानंतर युगोस्लावियाने एम ५३ नावाने जवळजवळ तीच गन तशाच ७.९२ मिमी गोळीसाठी बनवली, त्यामुळे जर्मन म्हणून दाखवलेल्या गनमध्ये युगोस्लाव पार्ट सर्रास निघतात. युगोस्लाव राजचिन्ह घासून काढलंय का ते बघायचं, मूळ जर्मन गनवर कारखान्याचे अक्षरी कोड असतात, ग्रॉसफुसचा 'बीपीआर', गुस्टलॉफचा 'डीएफबी', माउझरचा 'एआर' असे.

पण डिझाइनचा अभ्यास म्हणून एमजी ३४ आणि ४२ शेजारी शेजारी बघायला मिळाल्या तर सोडू नका. ३४ अखंड लोखंडातून मिलिंग करून काढलेली, प्रत्येक भाग घड्याळजीने केल्यासारखा, तिचा ट्रिगर सुद्धा दोन चंद्रकोरींचा, वरची दाबली तर एकेक गोळी आणि खालची दाबली तर सलग. ४२ पत्र्याची, दाबून आणि वेल्ड करून केलेली, बनवायला जवळपास निम्मा वेळ, आणि मिनिटाला १२०० गोळ्या. पण नळी बदलायला ४२ ला उजव्या अंगाला दार आहे, नळी आडवी बाहेर येते, ३४ मध्ये ती सरळ मागे निघते. एवढ्या एका गोष्टीमुळे जर्मन रणगाड्यांत शेवटपर्यंत ३४ च राहिली, रणगाड्याच्या गोल माउंटमध्ये नळी आडवी काढायला जागाच कुठे असते.

तेरेखोल:
एक शंका. हे सगळं भारतात ठेवता येतं का? मी सावंतवाडीला असते, भावाला खूप आवड आहे.

घाटमाथा:
@तेरेखोल ताई, नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ऑटोमॅटिक शस्त्र प्रतिबंधित वर्गात येतं, हौस म्हणून त्याचं लायसन मिळेल ही आशा सोडा. इंग्लंडातली डीअॅक्टिव्हेटेड गन सुद्धा सामानात घालून आणायचा विचार कुणी करू नका, विमानतळावर कस्टम्सवाले इंग्लंडचं सर्टिफिकेट बघून सोडणार नाहीत.

पण भावाला अहिल्यानगरला न्या, आधीचं अहमदनगर, तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम. रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती गाडी आहे तिथे, अशा गाडीच्या टरेटमध्ये व्हिकर्सच असायची. व्हॅलेंटाइन आणि चर्चिल रणगाडे आहेत, त्यांत बेसा असायची, ती मूळ चेक डिझाइनवरची बेल्ट-फेड गन आणि गोळी चक्क जर्मनांचीच ७.९२ ची, ब्रिटिशांनी .३०३ मध्ये बदलत बसण्याऐवजी तशीच ठेवली. गन प्रत्यक्ष जागेवर असो नसो, माउंटचं भोक किती, गन चालवणाऱ्याला जागा किती, बेल्टची पेटी कुठे बसणार हे रणगाड्यापाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

हे पण सांगतो, आपल्याकडे 'व्हिकर्स' म्हणून काही ठिकाणी व्हिकर्स-बर्थियर दाखवतात. ती इछापूरला बनायची, वरून वाकडं मॅगझिन लागतं, बेल्ट-फेड नाही आणि टॉगलवाल्या व्हिकर्सशी आतून काही संबंध नाही.

मॉडेलवाला_सदाशिव:
मी खरी गन कधी घेणार नाही, १:६ आणि १:३५ स्केलची मॉडेलं करतो, पण त्यामुळे जॅकेट मोजून मोजून डोळ्यात बसलीत. वाळवाकाठ यांनी विचारलेलं पन्हाळीदार आणि गुळगुळीत याचं उत्तर देतो.

व्हिकर्सचं जुनं वॉटर जॅकेट पन्हाळीदार, लांबीने खोबणी असलेलं. पातळ पत्र्याला त्या खोबणीने ताकद येते. दुसऱ्या महायुद्धात गुळगुळीत जॅकेट आलं, बनवायला सोपं. म्हणून पहिल्या महायुद्धाचा देखावा करायचा आणि जॅकेट गुळगुळीत असेल तर ते पटत नाही. मात्र दुरुस्तीत जॅकेट बदलली जायची, १९१५ च्या रिसीव्हरवर नंतरचं जॅकेट ही अगदी नेहमीची जोडी आहे, ती खोटी नव्हे, ती त्या गनची नोकरी आहे. व्हिकर्स ब्रिटिश लष्करात १९६८ पर्यंत होती हो, इतक्या वर्षांत एकही भाग न बदललेली गन कुठून मिळणार.

विमानातल्या व्हिकर्सला पाणी नसतं, जॅकेटला हवेसाठी झडपेसारख्या फटी असतात. तेच जर्मनांच्या विमानातल्या एमजी ०८ चं (ती पण मॅक्सिमच), जॅकेटला लांबट खाचा.

रशियन पीएम १९१०, म्हणजे तिकडची मॅक्सिम, तिच्यात उलट क्रम आहे, सुरुवातीचं गुळगुळीत, नंतर साधारण १९३० पासून पन्हाळीदार, आणि युद्धकाळात वर मोठं झाकण आलं, ज्याच्यातून बर्फसुद्धा आत कोंबता यायचा. ती युक्ती फिनलंडची, त्यांच्या एम/३२-३३ मॅक्सिमवर आधी होती. मोठं झाकण दिसलं की समजायचं गन दुसऱ्या महायुद्धातली.

एक विनंती आहे, माउंट विसरू नका. लोक गनवर सगळे पैसे घालतात आणि मग कुठल्याशा लोखंडी स्टँडवर ठेवतात. जर्मन एमजी ०८ ची स्लेज, जी उचलून स्ट्रेचरसारखी नेता येते, रशियनची सोकोलॉव्ह चाकांची गाडी आणि ढाल, व्हिकर्सचा साधारण तेवीस किलोचा ट्रायपॉड, या तीन गोष्टी बघितल्या की तीन लष्करांनी एकाच मॅक्सिमचा तीन प्रकारे विचार केला हे लक्षात येतं. रशियनांना ओढत न्यायची होती, जर्मनांना खंदकाच्या काठावर खाली बसवायची होती, इंग्रजांना पाठीवरून वाटून न्यायची होती.

वाळवाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी डीलर सांगत नाही. ब्रिटिश .३०३ मॅक्सिम शोधली पण दिसत नाहीये, दिसली तर माझ्या आवाक्यात नसणार. म्हणजे एकीकडे रशियन पीएम १९१०, आतून खरी मॅक्सिम, टॉगल खाली मोडणारं, आणि दुसरीकडे पन्हाळीदार व्हिकर्स, जी भारतीय लष्कराने नंतर वर्षानुवर्षं वापरली. एमजी ०८/१५ पण एक समोर आली होती, तिचं काय?

लोहारआळी:
०८/१५ फार सुंदर विषय आहे पण वेगळा. एमजी ०८ जड पडत होती म्हणून १९१५ मध्ये मॅक्सिमलाच बायपॉड, खांद्याचा दांडा, पिस्तूल ग्रिप आणि बारीक जॅकेट दिलं, शंभर गोळ्यांचा बेल्ट बाजूच्या ड्रममध्ये गुंडाळून. तरी पाण्याशिवाय अठरा किलो, आणि तिला हलकी म्हणायचे. जर्मन लोक बारीक बारीक पार्टवर सुद्धा नंबर मारायचे त्यामुळे 'सगळे नंबर जुळतात' अशी गन मिळाली तर तिची किंमत वेगळी. व्हर्सायच्या तहानंतर जर्मनांकडच्या बहुतेक तोडल्या, विजयचिन्ह म्हणून बाहेर गेलेल्या वाचल्या. मेसोपोटेमियाच्या संग्रहात मात्र ती बसणार नाही.

तुमच्या दोन पर्यायांत मी पीएम १९१० घेईन. कारण एकच, पणजोबांच्या पलटणीची गन जशी चालायची तशी आतून ही चालते. व्हिकर्स ही तिची सुधारलेली धाकटी बहीण आहे. रशियन म्हणून नाक मुरडू नका, शेजारी पाटी लावा आणि काय सारखं, काय वेगळं ते लिहा.

घाटमाथा:
मी इथे असहमत. घरी येणाऱ्याला टॉगल खाली मोडतं की वर हे दिसत नाही, चाकं आणि ढाल दिसते, आणि चाकं-ढाल बघून माणूस रशियाच म्हणणार. व्हिकर्स आणि ट्रायपॉड बघितला की भारतीय लष्कराचा फोटो डोळ्यासमोर येतो. पूना डिव्हिजनच्या शेजारी व्हिकर्स शोभते, आणि १९१६ नंतर त्याच मेसोपोटेमियात, बगदाद घेताना, व्हिकर्सच होती. कुत पडलं २९ एप्रिल १९१६ ला, पण मराठा पलटणींचं तिथलं युद्ध काही त्या दिवशी संपलं नाही.

आणि मशीनगनच्या दुसऱ्या बाजूला आपली माणसं होती हे पण त्या खोलीत कुठेतरी लिहा. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत सेक्शनमधले सगळे पडल्यावर एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले, ती बंद केली आणि मग गोळी लागून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नुसतं लोखंड बघून गन समजत नाही.

ब्रमकर:
मी तुमच्याच भागातला, कायद्याचं सांगतो. इथे एप्रिल २०१६ पासून डीअॅक्टिव्हेशनचा नियम खूप कडक झाला, आतले भाग वेल्ड होतात, क्रँक हँडल फिरत नाही, लॉक (बोल्टच) बाहेर निघत नाही. त्याआधीच्या जुन्या स्पेकच्या (जुन्या नियमाने बंद केलेल्या) गनमध्ये बरंच हलायचं आणि संग्राहकांना तीच आवडते, पण ती नुसती जवळ ठेवणं वेगळं आणि विकणं वेगळं. जुन्या स्पेकची गन नव्या नियमात आणल्याशिवाय विकणं किंवा भेट देणं गुन्हा आहे, म्हणून कुणी 'जुनं सर्टिफिकेट आहे, सगळं हलतं, रोख द्या' म्हणाला तर तिथून निघा. लंडन किंवा बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचं (बंदुका तपासून शिक्का मारणारी संस्था) नवं सर्टिफिकेट, गनवरचा शिक्का आणि नंबर तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि मालकी बदलली की होम ऑफिसला कळवायचं असतं. आतली रचना बघायचीय तर लीड्सला रॉयल आर्मरीजमध्ये एक दिवस घालवा, वेल्ड केलेली गन उघडून काही दिसणार नाही.

आणि पीएम १९१० घेणार असाल तर दारातून कशी आत न्यायची ते मोजा, माउंट धरून साठ-पासष्ट किलो होते.

मॉडेलवाला_सदाशिव:
बेल्टबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. २५० गोळ्यांचा कापडी बेल्ट, दोन पट्ट्यांच्या मध्ये पितळी तुकडे रिव्हेट केलेले, मध्ये मध्ये एक तुकडा लांब, बाहेर आलेला, आणि टोकाला पितळी पट्टी, ती फीड ब्लॉकमधून (बेल्ट आत घेणारा भाग) ओढायची. मूळ बेल्टवर बनवणाऱ्याचा शिक्का आणि साल शाईने छापलेलं असतं, तो बेल्ट गनइतकाच जपून घ्या. दमट हवेत कापड आकसतं आणि पितळ हिरवं होतं, तेव्हा गुंडाळून कपाटात कोंबू नका, सैल ठेवा. नव्याने बनवलेले बेल्ट पण मिळतात, देखाव्याला ठीक, पण पैसे मूळच्याचे देऊ नका.

वाळवाकाठ:
घाटमाथा, तुमचं म्हणणं पटलं. पन्हाळीदार व्हिकर्स, नव्या सर्टिफिकेटची, ट्रायपॉडसकट, असं ठरवतोय, आणि मॅक्सिमचा फरक दाखवायला शेजारी मॉडेलवाला यांच्याकडून १:६ चं मॅक्सिम करून घेता येईल का? एका डीलरकडे एक गन आहे, फोटो मागवतोय. काय काय मागू?

मॉडेलवाला_सदाशिव:
नक्की करू, कळवतो वेगळं.

लोहारआळी:
हे मागा. दोन्ही बाजूंनी पूर्ण पेटी, सरळ समोरून, तिरका फोटो नको. उजवीकडचं क्रँक हँडल आणि डावीकडची स्प्रिंगची पेटी जवळून. जॅकेटचा खालचा भाग, पन्हाळीत गंज आणि ठिगळ तिथेच लपतं. फीड ब्लॉक वरून. मागचे दोन लाकडी हँडल, त्यांच्या खिळ्यांसकट. ट्रायपॉडच्या तीन पायांचे सांधे आणि त्याच्यावरचं साल. प्रूफ हाउसचा शिक्का. रंग मूळ असेल तर थरावर थर दिसतील, चकचकीत काळी असेल तर कुणीतरी पॉलिश केलीय आणि बरेच शिक्के त्यात पुसट झाले असतील, भाव त्या हिशोबाने करा.

आणखी एक, हे जपून वाचा. व्हिकर्समध्ये नळी जिथे जॅकेटच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला येते तिथून पाणी गळू नये म्हणून अॅस्बेस्टॉसची दोरी ग्रीस लावून गुंडाळायचे. जुन्या गनमध्ये ती अजून असू शकते. राखाडी, तंतू सुटलेलं काही दिसलं तर हाताने ओढू नका, कोरडं ब्रशने झाडू नका, डीलरला आधी विचारा की ते काढलंय का आणि नसेल तर जाणकाराकडून काढून घेऊन मगच घरी आणा. जॅकेटमध्ये पाणी भरून दाखवायचा मोह पण नको, आतून गंजलं की बाहेरून कळत नाही.